बर्फावरची चूल

सिंगापूरला आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये गॅसचं बटण फिरवलं की टिक-टिक होऊन निळी ज्योत लागते. आठ वर्षं झाली, तरी सकाळी ती लागली की मला अजून मनातल्या मनात हात जोडावेसे वाटतात. धूर नाही, फुंकर नाही, ओल्या लाकडाची कटकट नाही. चुलीपायी माझी शाळा सुटली, म्हणून बिनचुलीच्या घराचं मोल मला जरा जास्तच. त्यामुळे बर्फात जाऊन स्वतःच्या हातानं चूल पेटवण्यासाठी माणसं हौसेनं विमानाची तिकिटं काढतात, हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. मग त्यातलीच एक मी झाले.

झालं असं, की माझा नवरा बोटीवर इंजिनियर. चार महिने समुद्रावर, दोन महिने घरी. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीनं वर्गातल्या कुणाचे तरी फोटो पाहिले आणि बापाच्या मागे लागली. डिसेंबरच्या सुट्टीत जपानच्या उत्तरेला, होक्काइडोत, तीन दिवसांचा कॅम्प. एक पालक, एक मूल अशी जोडी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जोडीनं बर्फात आपला तंबू ठोकायचा, आपला विस्तव करायचा, त्यावर बर्फ वितळवून पाणी उकळायचं. ते पाणी बाटल्यांत भरून झोपायच्या पिशवीत पायाशी घ्यायचं, म्हणजे थंडी बाधत नाही. चार वाजेपर्यंत ज्यांचं पाणी उकळलं नाही, त्यांनी तंबूत झोपायचं नाही. त्यांच्यासाठी लाकडी घर होतं, हीटर लावलेलं.

जूनपासून बाप-लेकीची तयारी चालली होती. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दोघांनी तंबू उभा केला तेव्हा वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका म्हाताऱ्या अंकलनी विचारलं होतं, "इथेच कॅम्पिंग, आह? पाऊस नको म्हणून?" कपडे वाळत घालायच्या बांबूवर गाठींचा सराव व्हायचा. मी स्वयंपाकघरातून बघायचे. मला बरं वाटायचं, आणि आपलं यात काही काम नाही याचंही बरं वाटायचं.

नोव्हेंबरच्या शेवटी बोटीवरून फोन आला.

"रिलीव्हर मिळत नाहीये, माझ्या जागी यायला कुणी नाही. महिनाभर तरी सुटका नाही माझी. तू जा तिला घेऊन."

"मी? काहीतरीच काय."

"अगं, ओल्या लाकडांवर घरभराचं जेवण रांधलेली बाई तू. ते बाकीचे बाप काड्यापेटी शोधत बसतील, तोवर तुझा चहा होईल."

"चहाचं नाही हो. सगळं इंग्रजीत सांगणार. मला काय कळायचं?"

"लेक आहे की बरोबर," तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "ती विचारेल तर काय सांगायचं ते तू ठरव. मी आजवर बोललो नाही, पुढेही बोलणार नाही."

तो शाळेबद्दल बोलत होता. मी नववीत शाळा सोडली. आई विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली, कमरेला मार लागला, सहा महिने अंथरुणावर होती. खाली दोन भाऊ. चूल माझ्याकडे आली. सहा महिन्यांनी आई उठली, पण मला परत शाळेत जा असं कुणी म्हटलं नाही, आणि जाते असं मीही म्हटलं नाही. नवऱ्यानं हे लग्नाआधीच ऐकलं आणि "बरं" एवढंच म्हणाला. त्या "बरं"च्या बळावर मी इथवर आले. मुलीला मात्र माहीत नव्हतं. आई मराठी मीडियमची, म्हणून इंग्रजी कच्चं, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. मी खोटं बोलले नाही, खरंही सांगितलं नाही.

बाबा येत नाही कळल्यावर ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. इथल्या पोरांसारखं 'लाह' लावून म्हणाली, "इट्स ओके लाह, आई. आपण त्या घरात झोपू. हीटर असतो तिथे."

म्हणजे आईच्यानं होणार नाही हे तिनं धरूनच टाकलं होतं, आणि वर माझी समजूत घालत होती. त्या दिवशी मी ठरवलं, ही पोर तंबूतच झोपणार.

सामान बांधताना पहिली चकमक झाली. आमच्याकडे गावाबाहेर निघालेल्या सामानाला काथ्याची दोरी बांधतात, कुलूप असो की नसो. ही दोरी मी माहेरून येताना आणली होती, नारळाच्या काथ्याची, खरखरीत. मी ती सुटकेसला आडवी-उभी घातली.

"आई, प्लीज. एअरपोर्टवर सगळे बघतील."

"बघू देत. वाटेत उघडली तर तुझे मोजे कोण गोळा करणार?"

"झिप आहे ना तिला!"

"झिपचा काय भरवसा," म्हणून मी गाठ मारली. चांगी विमानतळावर ती माझ्यापासून चार पावलं लांब चालत होती.

बर्फाबद्दल मी काय सांगू. बसमधून उतरून पहिलं पाऊल टाकलं ते मांडीपर्यंत आत गेलं. दोन्हीकडे पांढरी खोडं, त्यांच्यामध्ये कुठेही माती नाही, वाट नाही, कडा नाही. मी इतकी घाबरले की मुलीला विचारलं, "अगं, जमीन कुठाय?"

"खाली," ती म्हणाली.

आम्ही पाच जोड्या होतो. कॅम्पवाला तिशीचा सिंगापुरी तरुण होता, मुलं त्याला कोच म्हणत. तो भराभर बोलायचा, आणि बोलता बोलता चालायचा. त्याच्याबरोबर तिथलीच एक साठीची जपानी बाई होती, लाकूडफाट्याचं तिच्याकडे. ती फारसं बोलायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला आम्ही जंगलात गेलो. सामान घसरगाडीवर लादलेलं. वाटेत आमचं गाठोडं दोनदा पडलं, तेव्हा मी सुटकेसची दोरी खिशातून काढली आणि गाडीला आवळली. मुलीनं फक्त उसासा टाकला.

तंबूची जागा करायचं काम मला लगेच उमगलं. पायात रुंद जाळीच्या वहाणा घालून बर्फ तुडवायचा, मग अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. तेवढ्यात तो घट्ट होतो. आम्ही दिवाळीआधी अंगणात माती पसरून चोपण्यानं चोपतो, तेच हे. मी इतकं एकसारखं तुडवलं की त्या जपानी बाईनं येऊन काठी टोचून पाहिली आणि मान डोलावली. मला एकदम उभारी आली.

मग मुलगी गाठींना लागली. बर्फात खुंटी टिकत नाही, म्हणून दोरीला काटकी बांधून ती आडवी पुरतात, हे तिला बापानं शिकवलं होतं. तेवढ्यात कोचनं मोठ्यांना विस्तवाचं सांगायला बोलावलं. मी एकटी गेले.

इथे आल्यापासून मला एक सवय लागली आहे. समोरच्याचं नाही कळलं तरी मान डोलवायची आणि "येस, येस" म्हणायचं. दवाखान्यात, शाळेत, नळ दुरुस्तीवाल्यासमोर. माणसं चांगली वागतात आपल्याशी, त्यांना दोनदा बोलायला लावायचं म्हणजे त्यांच्या चांगुलपणावर ओझं टाकल्यासारखं वाटतं. मग घरी येऊन कागदाचा फोटो नवऱ्याला पाठवायचा. कोच बोलत होता, हातानं बर्फाकडे दाखवत होता, मग मनगटापेक्षा जाड ओंडक्यांच्या एका ढिगाकडे. मला "फायर" कळलं, "वॉटर" कळलं, "फोर ओ'क्लॉक" कळलं. शेवटी त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "ओके, आंटी?"

"येस, येस," मी म्हणाले.

ते ओंडके मी हातात घेऊन पाहिले. हिरवे, ताजे तोडलेले, आतून ओले. हे कुणी जाळतं का? मला मनातून हसूच आलं. एवढं शिकलेले लोक आणि ओलं लाकूड वाटतायत. मी ते तिथेच ठेवले आणि सुकी फाटी तेवढी निवडून आणली.

आणि मग मी खणायला लागले.

चूल जमिनीवर असते. तीन दगड असोत की मातीची मांडणी, खाली भुई पाहिजे. याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. कुणी मला विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. फावडं लहान, बर्फ कमरेएवढा. वरचा भुसभुशीत, खालचा साखरेच्या खड्यांसारखा, हातभर खणावा तर कडेचा वीतभर परत आत येई. पाठ घामानं भिजली, बोटांना मात्र फावडं धरलंय की नाही कळेना.

मुलगी तंबू उभा करून आली. "आई, हे काय करतेयस?"

"चूल करतेय."

"बाकीचे कुणी खणत नाहीत."

"त्यांना येत नसेल," मी म्हणाले.

शेवटी फावडं कशाला तरी लागलं. मी वाकून हातानं साफ केलं तर माती नव्हती, बांबूसारखं बुटकं गवत दबून आडवं झालेलं, त्याची पानं बर्फात चिकटलेली. पण म्हटलं, झालीच की भुई. त्या खड्ड्यात उतरून मी बारीक काटक्या रचल्या, काडी ओढली. पेटलं. मुलगी वरून ओरडली, "आई, पेटलं!" आणि तिच्या आवाजात जे होतं, ते मी या दोन दिवसांत पहिल्यांदा ऐकलं.

चारेक मिनिटं चाललं असेल. मग धूर वर जायचा सोडून खड्ड्यातच फिरायला लागला. कडा घामेजल्या, मग ओघळल्या. पाणी खाली उतरून थेट निखाऱ्यांत जमायला लागलं. मी काटक्या वर उचलल्या तर हातात विझल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. विहिरीत पडल्यासारखी मी त्या खड्ड्यात उभी, आणि वर चार ठिकाणी चार धूर सरळ चढत होते. सूर्य खोडांच्या मागे गेला होता. तिथे चारलाच संध्याकाळ होते. साडेतीन होत आले होते.

मुलगी खड्ड्याच्या काठावर बसली. "आई, कोचनं काय सांगितलं होतं?"

मी विझलेल्या काटक्या झटकल्या.

"तू ऐकलंस ना? तू येस म्हणालीस. मी इथून पाहिलं."

"मला कळलं नाही."

"कुठलं कळलं नाही?"

"सगळंच."

"मग येस का म्हणालीस?" तिला राग आला नव्हता, तिला खरंच कोडं पडलं होतं. "कळलं नाही की विचारायचं ना. क्लासमध्ये आम्ही हात वर करतो."

"माझा क्लास नववीत सुटला," मी म्हणाले. तो खड्डा होता म्हणून बोलले असेन, वर उभी असते तर नसते बोलले. "आजी आजारी पडली, चूल माझ्याकडे आली. मग शाळा झाली नाही पुढे. हात वर करायची सवय राहिली नाही मला."

तिच्या टोपीवर बर्फ साचला होता. मला वाटलं, आता ही विचारेल, इतके दिवस का नाही सांगितलंस. तिनं फावडं बाजूला टाकलं, हात खाली केला आणि म्हणाली, "वर ये आधी. विचारू या."

कोच पलीकडच्या तंबूपाशी होता, पण आमच्या जवळ ती जपानी बाई होती. मुलगी तिच्यापाशी गेली आणि इंग्रजीत लांबलचक वाक्य बोलली. बाईनं ऐकून घेतलं, आणि नम्रपणे मान डोलावली. "येस, येस."

तिचं ते "येस, येस" मी ओळखलं. मुलीच्या बोलण्यातला एकही शब्द तिला कळला नव्हता. मला हसू फुटलं, आवरेना. मी तिला हाताला धरून खड्ड्यापाशी आणलं आणि आत बोट दाखवलं. तिनं वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती पण हसायला लागली, तोंडावर हातमोजा धरून. मग ती तरातरा गेली आणि दोन काखांत दोन ओंडके घेऊन आली. तेच हिरवे, ओले, मी सोडून आलेले.

आम्ही तिघींनी मिळून बाकीचे आणले. तिनं तुडवलेल्या बर्फावर ते एकाला एक लावून आडवे मांडले, आणि त्यांच्यावर हात थोपटून दाखवला, की आता याच्यावर. मग मला लख्ख कळलं. ते जाळायचे नव्हतेच. पाहुणा आला की त्याला बसायला आपण पाट मांडतो, तसा तो विस्तवाला पाट होता. ओला, म्हणून लवकर जळायचा नाही, आणि तो जळेपर्यंत खालचा बर्फ वितळायचा नाही. भुई नसली तर भुई मांडायची. पन्नास वेळा विचार केला असता तरी मला सुचलं नसतं, मी खणतच राहिले असते.

बाईनं पडलेल्या खोडाची कागदासारखी पांढरी साल सोलून दिली. काटक्या मात्र खड्ड्यात भिजल्या होत्या, सालीची ज्योत त्यांना धरण्याआधीच संपेल असं मला वाटलं. मधे काहीतरी पाहिजे होतं, सावकाश धुमसणारं. घरी आम्ही नारळाची सोडणं, वरची काथ्याची सालं, ठेवायचो त्यासाठी. आणि मग मला घसरगाडीवरची दोरी दिसली.

"सोड ती," मी मुलीला म्हटलं, "आणि पिळा उलगड. सगळा पिंजून काढ."

"पूर्ण दोरी?"

"अर्धी. अर्धी परतीला लागेल."

"अजून बांधणार?" ती म्हणाली, पण हातमोजे काढून बोटांनी पिंजायलाही लागली. जपानी बाईनं एक चिमूट उचलून नाकाशी नेली, आणि भुवया वर केल्या.

काथ्याचा गोळा, त्याखाली साल, वर फोडलेल्या लाकडाचे आतले कोरडे तुकडे. काडी ओढली. तंबूच्या दांड्यांबरोबर एक सुटी नळी मिळते, दांडी मोडली तर वर चढवायला. वीतभर लांब. मी ती फुंकणीसारखी धरली, गुडघ्यावर बसले आणि फुंकायला लागले. एकदम नाही, लांब, सावकाश. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ज्या सहा महिन्यांत मी हे शिकले त्या महिन्यांचा मला इतकी वर्षं राग होता. काथ्या लाल झाला, काळा झाला, परत लाल झाला, आणि मग त्यानं लाकूड धरलं.

"केस, आई! केस सांभाळ!"

पातेलं ठेवलं. मी त्यात बर्फ भरणार एवढ्यात मुलीनं हात धरला. "आधी बाटलीतलं थोडं पाणी. नुसता बर्फ टाकला तर भांडं करपतं."

"बर्फानं भांडं करपतं?"

"बाबांनी सांगितलंय. खरंच."

मी ऐकलं. भरगच्च पातेलंभर बर्फाचं दोन बोटं पाणी होतं, हेही तेव्हाच कळलं. ती आणून टाकत राहिली, मी फुंकत राहिले, आणि पाणी अजून नुसतं कोमट असताना कोचची शिट्टी झाली.

तो आला. बाकी चौघांचं झालं होतं. त्यानं आमच्या पातेल्यात पाहिलं, घड्याळात पाहिलं, आणि मुलीशी बोलला. मला शब्द नाही कळले, तिचा चेहरा कळला. ती "ओके" म्हणाली. तेच ते ओके, फोन आला त्या दिवशीचं.

मी उठले. गुडघे ओले, तोंड काळं झालेलं असणार. मी हात वर केला. खरंच वर केला, वर्गात करतात तसा, खांद्याच्या वर.

"सर," मी म्हणाले, "आय नॉट अंडरस्टँड बिफोर. आय से येस, बट नॉट अंडरस्टँड. नाऊ अंडरस्टँड. फायर इज गुड. टेन मिनिट. प्लीज."

कोच खाली बसला, ओंडक्यांखाली हात घालून बर्फ चाचपला, वरचे निखारे पाहिले, तंबूच्या दोऱ्या ओढून पाहिल्या. जपानी बाई त्याच्याशी तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. मग तो माझ्याकडे वळला आणि या वेळी एकेक शब्द सुटा करून बोलला, "आंटी, नो हॉट वॉटर, नो टेंट. बट आय विल वेट."

तो उभा राहून थांबला. आम्ही दोघी दोन बाजूंनी वाकलो. आधी तळाशी बारीक मणी आले, मग भांडं गुणगुणायला लागलं, मग एकदम सगळं पाणी उलटंपालटं झालं. जंगलात जेमतेम उजेड उरला होता. मुलीनं आरोळी ठोकली ती पलीकडच्या तंबूंपर्यंत गेली. मी पिशवीतून खिचडीसाठी आणलेल्या तांदळातले चार दाणे विस्तवात टाकले.

"ते कशाला?"

"त्याला आधी द्यायचं असतं," मी म्हणाले. तिनंही चार टाकले.

सातसुद्धा वाजले नसतील, आम्ही खिचडी खाऊन तंबूत शिरलो होतो. दोन पिशव्या, चार बाटल्या, पायांशी आणि पोटाशी. बाहेर आमचा विस्तव त्याच्या पाटावर बसून होता, अधूनमधून तडतडायचा. मला वाटलं, झोपली असेल.

"आई, नववी म्हणजे आमच्याकडे सेकंडरी थ्री ना?"

"असेल. मला काय माहीत."

तिनं पिशवीतल्या पिशवीत बोटं मोजली. "हो, सेक थ्री. मग इतकं काही कमी नाही, लाह. मी अजून प्रायमरी फाइव्ह, पाचवीच. म्हणजे माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त शिकलीयस तू."

"चार वर्षांनी काय म्हणशील?"

"चार वर्षांनी बघू," ती म्हणाली, आणि आपली एक गरम बाटली पायानं माझ्याकडे ढकलली.